कोनाड्यातली कपबशी

जुनावाडा (धागाकर्ती):

दांडिया बाजारातला आमचा वाडा विकायचे ठरले आणि गेल्या महिन्यात आम्ही भावंडे सामान आवरायला बडोद्यात जमलो. मागच्या चौकात, न्हाणीघराच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर एक कोनाडा आहे. त्यात चुन्याचे पोपडे, एक गंजलेली डबी आणि एक कपबशी सापडली. कप पांढरा आहे, काठाला निळी रेघ आहे, कान तुटलेला आहे. बशीचा एके ठिकाणी टवका उडालेला आहे. भावाने ती कचऱ्याच्या पोत्यात टाकण्यासाठी उचलली आणि मी त्याचा हात धरला, कारण ती कपबशी कोणाची होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

१९७० च्या दशकात आमच्या वाड्यात टोपलीचे संडास होते. ते साफ करण्यासाठी वाल्मीकी समाजातील एक बाई रोज सकाळी मागच्या बोळातून येत. त्यांना चहा मिळे, आणि तो याच कपातून मिळे. त्या कोनाड्यातून कपबशी काढून दगडी पायरीवर ठेवीत आणि दोन पावले मागे सरकत. मग आजी वरून चहा ओतीत असे. चहा पिऊन झाला की त्या कप स्वतः विसळून पालथा ठेवीत. अशा वेगळ्या काढून ठेवलेल्या भांड्याला गुजरातेत ‘रामपात्र’ म्हणतात. कोणत्या वस्तूला आपण देवाचे नाव दिले आहे, याचा विचार मी फार उशिरा केला.

आजी दुष्ट नव्हती, हे मला आधी सांगितले पाहिजे. चहात आले असे, दूध घरच्यांच्या चहाइतकेच असे, दिवाळीला कोरे लुगडे असे, आणि पावसाळ्यात त्या भिजून आल्या तर आजी शेगडी पडवीपर्यंत सरकवायला सांगे. मला वाटते, म्हणूनच ही गोष्ट समजायला मला इतकी वर्षे लागली. देण्यात आमच्या घराने कसर केली नव्हती. त्यांच्या हातून मात्र काहीच घेतले जात नव्हते, अगदी त्यांनी विसळलेला कपसुद्धा नाही.

१९७८ च्या श्रावणातली एक सकाळ मला लख्ख आठवते. मी आठ वर्षांची होते. आजी देवळात गेली होती. आईने चहा केला, घरातल्या रोजच्या कपबशीत ओतला आणि त्यांच्यापुढे धरला. त्या घेईनात. कोनाड्याकडे बोट करून त्या हळूच म्हणाल्या, “बेन, मारी रकाबी आपो ने.” म्हणजे, ताई, माझी बशी द्या ना. आई क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने कोनाड्यातला कप उचलला, नळाखाली धुतला, त्यात स्वतःसाठी चहा ओतून घेतला आणि ती पायरीवर बसली. आता त्या बाईंसाठी घरातला कप तेवढा उरला होता. त्यांनी आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पदराला हात पुसले आणि तो कप घेतला. दोघी एक शब्दही बोलल्या नाहीत. आईने मात्र चहा संपेपर्यंत कप दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता आणि मधूनमधून ती बोटे बदलत होती. कान तुटलेला कप भाजतो, हे आमच्या घरातल्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले असावे.

आजीला ही गोष्ट कळली, कारण मीच ती सांगितली. त्यानंतर चार दिवस आजीने आईच्या हातचे पाणी घेतले नाही.

आपल्यापैकी अनेकांची घराणी गायकवाडीत येथे आलेली आहेत आणि अनेकांच्या घरी असा एखादा कोनाडा असणार. आपल्या घरात, गल्लीत, कचेरीत कोणी अशी एखादी लहान गोष्ट केली असेल, तर ती कोणी केली आणि तिची काय किंमत मोजली, ते कृपया लिहावे. अन्नदानाच्या किंवा कपडेवाटपाच्या हकीकती येथे नकोत, अशी माझी विनंती आहे. त्यांचे मोल नाही असे नव्हे, पण मला विचारायचे आहे ते निराळे आहे. आणि या कपबशीचे मी काय करावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

रावपुरेकर:

ताई, आपले लिखाण वाचून मी दुपारी कमाटीबागेत जाऊन बसलो. कारण सांगतो. ते आपल्या सर्वांना थोडेबहुत ठाऊक आहे, पण या धाग्याच्या उजेडात मला ते वेगळे दिसले.

सयाजीराव महाराजांनी १८८० च्या दशकाच्या आरंभीच अस्पृश्य मुलांसाठी सरकारी शाळा काढल्या. सवर्ण शिक्षक तेथे शिकवायला तयार होत नसत, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि पुढे १९०८ मध्ये आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना मुद्दाम बोलावून हे काम सोपवले गेले. १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संपूर्ण राज्यात सक्तीचे आणि मोफत झाले. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याचा करार झाला. राज्यकर्त्याने आपल्या हातातले सारे केले होते, असे म्हटले तर चालेल.

त्या करारानुसार १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब येथे आले, आणि न्यूयॉर्क व लंडन पाहून आलेल्या या माणसाला आपल्या शहरात एक खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने दिवसाला दीड रुपया घेऊन, पारशी नाव लिहून, त्यांना वरच्या मजल्यावर राहू दिले. वर दिव्याची सोय नव्हती, तेव्हा तो रखवालदार आपला लहानसा कंदील त्यांना आणून देई. कचेरीत पट्टेवाला कागद लांबून टेबलावर टाकी, आणि पिण्याचे पाणी त्यांना मिळत नसे. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेली दहाबारा माणसे जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास त्यांनी बजावले. बाबासाहेबांना येथे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले की तुम्ही घरी आलात तर नोकर निघून जातील. दुसऱ्याने सांगितले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. रात्री नऊच्या गाडीने मुंबईस परतण्याआधीचे जवळपास पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. यातले बहुतेक त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दर वर्षी २३ सप्टेंबरला ज्या संकल्पभूमीवर हजारो माणसे येतात, तिच्यामागची हकीकत ही आहे.

मी पुन्हा पुन्हा त्या दोन मित्रांचा विचार करतो. ते वाईट नव्हते; वाईट असते तर बाबासाहेब त्यांच्या दारी गेलेच नसते. महाराजांचा हुकूम त्यांच्या दारापर्यंत पोहोचत होता, उंबऱ्याच्या आत पोहोचत नव्हता. त्या संध्याकाळी बडोद्याच्या एका जरी घराने “आत या, अंथरूण घालतो” एवढे म्हटले असते, तर आपल्याला त्या घराचा पत्ता आज अभिमानाने सांगता आला असता.

आणि याच्या शेजारी मला दुसरी एक बाग आठवते. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज एकटा वाचत बसे, आणि विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर त्याला पाहत. एके दिवशी त्यांनी त्याला काय वाचतोस असे विचारले आणि पुढे आपली पुस्तके त्याला वाचायला दिली. मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. सयाजीरावांकडे त्याच्यासाठी शब्द टाकणारेही तेच. एवढ्या मोठ्या इतिहासाच्या मुळाशी बागेतल्या बाकावरची एक चौकशी आहे, आणि तिला खर्च काहीच आला नव्हता.

सूरसागर:

रावपुरेकर काका, आपण लिहिलेले सर्व मान्य आहे. तरीही एक शंका मांडते. आज वेगळे कप कोणाच्या घरी राहिले आहेत? ही शंभर वर्षांपूर्वीची आणि पन्नास वर्षांपूर्वीची दुखणी आहेत. ती उगाळून आताच्या मुलांच्या डोक्यात जात कशाला घालावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

रावपुरेकर:

आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. गुजरातेतल्या १,५८९ गावांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा वेगळे भांडे, वेगळा पाणवठा, देवळाचे बंद दार या गोष्टी कागदावर नोंदवल्या गेल्या. त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या नाहीत. शहरापुरते विचारत असाल, तर आपल्या स्वयंपाकघरात मोरीजवळच्या खिळ्याला एखादा स्टीलचा पेला अडकवलेला आहे का, तेवढे पाहावे. घरकामाच्या बाई, नळ दुरुस्त करणारा, कचरा नेणारा, यांना आपण चहा कशातून देतो? आपण त्याला स्वच्छता म्हणतो. पण तोच नळ दुरुस्त करणारा आपल्या पुतण्याच्या ओळखीचा निघाला, तर पेला बदलतो, हे मी माझ्याच घरी पाहिलेले आहे.

निळीशाई:

मी येथे फारसे लिहीत नाही, पण आज लिहावेसे वाटले. माझे आजोबा साताऱ्याकडून गिरणीत कामाला म्हणून बडोद्यात आले. आम्ही बौद्ध आहोत. घरात मराठी, बाहेर गुजराती, अशा दोन्ही भाषांत मी वाढलो, आणि “तुमचे आडनाव काय?” हा प्रश्न मी दोन्ही भाषांत ऐकला आहे.

जुनावाडा ताई, आपल्या आईंनी जे केले ते वाचून मी बराच वेळ थांबलो. आपण ‘रामपात्र’ हा शब्द लिहिलात ते बरे केलेत. पुष्कळ लोक त्या शब्दावरून पुढे सरकतात. मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, राग मानू नये. कोणी आमच्यावर दया केल्याच्या गोष्टी आम्हांला ऐकवत नाहीत. माझ्या आईला एका घरी दर दिवाळीला फराळाची पिशवी मिळे, आणि ती मागच्या दाराने मिळे. फराळ चांगला असे. आई तो घरी आणून आम्हांला वाढी आणि स्वतः कधी खात नसे. आम्हा मुलांना वाटे की तिला चकली आवडत नाही.

आता मला आठवणारी दुसरी गोष्ट लिहितो. १९९४ मध्ये मला नोकरी लागली आणि लग्नानंतर मी भाड्याने जागा शोधू लागलो. जाहिरात वाचून जावे, जागा पसंत पडावी, भाडे ठरावे, आणि आडनाव सांगितल्यावर “आमच्या भावाला विचारून सांगतो” असे उत्तर यावे, असे सात वेळा झाले. आठव्या ठिकाणी घरमालक निवृत्त शिक्षक होते, देशस्थ ब्राह्मण. मी आपणहून आडनाव सांगू लागलो तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले आणि विचारले, “पाणी सकाळी सहा ते आठ येते, तेवढ्यात तुमचे भरून होईल ना?” आणि किल्ली दिली. बस, एवढेच. त्या प्रश्नावर मी आजही विचार करतो. त्यांना जे कळायचे ते कळले होते. त्यांनी मला ते उच्चारण्याच्या कामातून मोकळे केले आणि भाडेकरूला विचारायची गोष्ट विचारली.

महिन्याभराने आम्ही त्यांना सपत्नीक जेवायला बोलावले. माझ्या पत्नीने भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि तिळाची चटणी केली होती. ती दारामागे उभी राहून ऐकत होती, कारण आमच्याकडे येऊन “उपास आहे, फक्त चहा घेतो” म्हणणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली होती. सर जेवले. वांगी संपली तेव्हा ताट थोडे पुढे सरकवून त्यांनी म्हटले, “वहिनी, अजून एक वाढा, रस्सा जास्त घाला.” ती आत गेली आणि कढई घेऊन लगेच बाहेर आली नाही. मी आत पाहायला गेलो तर ती ओट्याला टेकून उभी होती.

सर आता नाहीत. त्यांनी ही गोष्ट आयुष्यात कधी कोणाला सांगितली नसेल, कारण त्यांच्या लेखी ती गोष्टच नव्हती; त्यांना वांगी आवडली होती. कपबशीचे काय करावे हे आपण विचारले आहे. फोडू नका, संग्रहालयाला देऊ नका, आणि त्या बाईंच्या माणसांकडे तर मुळीच नेऊन देऊ नका. ती वस्तू त्यांची नाही, ती आपल्या घराची आहे. आपल्याच फळीवर ठेवा.

कारेलीबाग:

निळीशाई, आपले लिखाण मी घरात मोठ्याने वाचून दाखवले.

मी गटाराविषयी लिहिणार आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तो आपल्या सर्वांना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर आमच्या सोसायटीची मुख्य गटारवाहिनी गाळाने तुंबली आणि तळमजल्याच्या सहा घरांत मैला उलटा येऊ लागला. एका ठेकेदाराने एक माणूस आत उतरवून तासाभरात काम करून देतो असे सांगितले, आणि पैसेही फार मागितले नाहीत. आमचे सचिव रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, मितभाषी. त्यांनी नाही म्हटले. यंत्र सगळ्या शहरात फिरत होते, त्याला तीन दिवस लागणार होते. सभासद त्यांच्या दारात जमले. म्हातारी माणसे आहेत, लहान मुले आहेत, तो माणूस स्वतःहून तयार आहे, त्याचीही मजुरी बुडते आहे, असे सारे बोलून झाले. खरे सांगते, बोलणाऱ्यांत मीही होते, कारण आमचे घर त्या सहांपैकी एक होते.

सचिवांनी एवढेच सांगितले की २०१३ च्या कायद्याने माणसाला विनासाधन गटारात उतरवणे हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी सही केली नसती, कारण तो वर आला नाही तर त्याच्या घरी निरोप सांगायला तुमच्यापैकी कोण जाईल ते आधी सांगा. कोणीच बोलले नाही. तीन दिवस आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची न्हाणीघरे वापरली. चौथ्या दिवशी यंत्र आले. तो कामाला आलेला माणूस त्या तीन दिवसांत दोनदा चौकशी करून गेला, आणि दोन्ही वेळा सचिवांनी त्याला अंगणातला गाळ फावड्याने ओढण्याचे काम देऊन पूर्ण दिवसाची मजुरी दिली. हे मला नंतर, त्यांच्या हिशोबाच्या वहीतून कळले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली होती आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे अजून उतरवली जात आहेत.

मांडवीदरवाजा:

थोडक्यात लिहितो. आमच्या इमारतीचे वरचे दोन मजले बांधले जात होते, तेव्हा छोटा उदेपूरकडची राठवा आदिवासी कुटुंबे तेथे कामाला होती. उद्वाहनाशेजारी “कामगारांनी लिफ्ट वापरू नये” अशी पाटी होती. विटांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाया पाच जिने चढत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजी, वय ऐंशीच्या पुढे, रोज सकाळी दहा वाजता खाली येत आणि कोणी बाई दिसली की तिला हाताला धरून म्हणत, “मला वर सोड ग, मला एकटीला भीती वाटते.” आजींना कसलीही भीती नव्हती. त्यांच्यासोबत उद्वाहनात शिरणाऱ्या बाईला अडवायची पहारेकऱ्याची हिंमत होत नसे. महिन्याभरात पाटी कोणीतरी काढली. कोणी ते मला माहीत नाही.

फतेगंज:

मी एका कार्यालयात खिडकीवर बसते. किन्नर समाजातील एक व्यक्ती कागदपत्रांवरचे नाव बदलण्यासाठी आली होती. रांगेत हसू पसरले. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने आपली लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क त्यांना मिळाला, हे मला प्रशिक्षणात शिकवले होते, पण प्रत्यक्ष समोर काय बोलावे ते कोणी शिकवले नव्हते. मी “आपल्याला कोणत्या नावाने हाक मारू?” असे विचारले. त्यांनी नाव सांगितले. मग मी ते नाव इतरांचे पुकारते तसेच, तेवढ्याच मोठ्याने, बेन लावून पुकारले. रांगेतले हसू थांबले. माझ्याकडून एवढेच झाले. त्यांचे काम मात्र त्या दिवशी झाले नाही, एक दाखला कमी होता. त्यासाठी त्यांना आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या, आणि याची मला अजून खंत आहे.

सूरसागर:

माझी शंका मी मागे घेते. काल रात्री मोरीजवळ पाहिले. पेला होता. सासूबाईंच्या वेळेपासूनचा आहे असे मी स्वतःला सांगू पाहत होते, पण तो मीच तीन वर्षांपूर्वी आणलेला आहे. आज सकाळी आमच्या कामाच्या ताईंना मी घरातल्या कपात चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि नेहमीसारख्या मोरीजवळ उभ्या राहूनच प्यायल्या. मला वाटले होते की त्यांना बरे वाटेल. तसे काही दिसले नाही.

निळीशाई:

सूरसागर ताई, एका सकाळी दिसणार नाही. तीन वर्षे पेला होता; त्यांना आधी हे पाहायचे असेल की उद्याही कपच येतो का. आपण रोज देत राहा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू नका. जमल्यास स्वतःचा चहाही त्याच वेळी घ्या आणि दोन खुर्च्या असतील तर दोन्ही ओढा. त्या बसल्या नाहीत तर आग्रह करू नका. बसायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्या.

रावपुरेकर:

खुर्चीवरून आठवले, म्हणून लिहितो. बडोद्याचे जावई राजर्षी शाहू महाराज कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवीत. राजवाड्यातल्या हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल गंगारामांना मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले आणि त्यासाठी मदत केली. अस्पृश्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही तोच चहा घ्यायला लावू लागले. पैसे तर त्यांनी दिलेच होते. पण हॉटेल चालले ते त्यांनी चहा घेतल्यामुळे, असे माझे मत आहे. जुनावाडा ताईंनी पहिल्याच लेखात ‘घेतले जात नव्हते’ असे लिहिले आहे, ते या अर्थाने मला फार नेमके वाटले.

जुनावाडा (धागाकर्ती):

सर्वांचे लिखाण वाचले, काही दोनदा वाचले. निळीशाई, आपला सल्ला मी मानला आहे. कपबशी आता माझ्या घरी, रोजच्या भांड्यांच्या फळीवर आहे.

गेल्या रविवारी मी त्या बाईंच्या घरी गेले. त्या वारल्याला बारा वर्षे झाली. त्यांचा मुलगा आणि सून शहरातच राहतात. पत्ता आईला ठाऊक होता, कारण आई त्यांच्या दिवसांना जाऊन आली होती, आणि हे मला आजवर माहीत नव्हते. आमच्या घरातून त्यांच्या घरी जाणारी मी दुसरी. अंतर चालत वीस मिनिटांचे आहे.

मी कपबशी नेली नव्हती, पण फोनमध्ये छायाचित्र होते. दाखवावे की नाही, या विचारात मी चहा होईपर्यंत बसून होते. शेवटी सुनेनेच विचारले की वाडा आवरताना जुने काय काय निघाले, आणि मी दाखवले. तिने छायाचित्र मोठे करून पाहिले. ती म्हणाली की सासूबाई या कपाविषयी सांगत असत. कान त्यांच्या हातून तुटला नव्हता. कप त्यांना दिला तेव्हाच तो तुटलेला होता. मला हे माहीत नव्हते. मी आजवर समजत होते की वापरता वापरता तुटला असेल. चांगला कप त्या कोनाड्यात ठेवावा असे आमच्या घरात कोणाच्याही मनात आले नव्हते, आणि मी मात्र पहिल्या लेखात लिहिले की आमच्या घराने देण्यात कसर केली नाही. ते वाक्य मी आता बदलत नाही, पण ते चुकीचे आहे.

मी त्यांची क्षमा मागितली. मुलगा म्हणाला की आता कशाला, आणि त्याने पंखा वाढवला. मग त्याने माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. आई भेटायला आली होती तेव्हा तिला जिना उतरताना त्रास होत होता, हे त्याच्या लक्षात होते. त्याच्या पत्नीचेही गुडघे दुखतात, आणि कोणत्या तेलाने तिला बरे वाटले तेही त्याने मला लिहून घ्यायला सांगितले. चहा आम्ही तिघांनीही बशीत ओतून प्यायला. निघताना सुनेने स्टीलच्या डब्यात सुखडी भरून दिली आणि डबा परत करायला या, असे दोनदा बजावले.

आई आता ऐंशी वर्षांची आहे आणि तिला गोड वर्ज्य आहे. मी डबा उघडून तिच्यासमोर ठेवला आणि कोणी दिली ते सांगितले. तिने एक वडी घेतली, मग दुसरी घेतली, आणि गूळ जुना वापरलेला दिसतो, असे म्हणाली. तिसरी तिने कागदात बांधून संध्याकाळच्या चहासाठी ठेवायला सांगितली.